पाठीवरचे भूखंड

वहीच्या पानावर मी यांची पाठ काढलीय.
डावीकडे सात चौकोन, उजवीकडे सात,
मणक्याच्या जागी रस्ता सोडलाय.
पूर्वीचे असते तर म्हणाले असते,
रुंदी लिही, उत्तर दाखव, नुसतं काय गिरवतेस.
चौतीस वर्षं सिडकोत हेच केलं यांनी,
ट्रेसिंग पेपर, सेट स्क्वेअर, ओठांत पेन्सिल.
नेरुळचे कितीतरी सेक्टर आधी यांच्या मनगटाखालून गेले,
माणसं नंतर राहायला आली.

सकाळी आंघोळ झाली की
कालची चकती सोलायची,
नवी पुढच्या चौकोनात लावायची,
तळहाताने दाबून तीस आकडे मोजायचे.
त्याच जागेवर चौदा दिवस परत जायचं नाही.
बंद्या रुपयाएवढी चकती, तिच्यातलं औषध
कातडीतून झिरपत म्हणे मेंदूत पोचतं.
त्याला बरा पत्ता सापडतो.
यांना परवा स्वतःच्या घरात मोरी सापडली नाही.

चकतीखाली लाल वर्तुळ उरतं.
"लाली कडेच्या आत असली तर चालेल," डॉक्टर ताम्हाणे म्हणाले,
"बाहेर पसरली तर फोन करा."
म्हणजे अतिक्रमण, मी म्हटलं.
ते हसले नाहीत. बाहेर बावीस जण बसले होते.
मी आणखी एक विचारून घेतलं:
अंगातली सूज उतरवायची गोळी रोज दिली
तर विसरणं थांबेल का?
"लोकांनी करून पाहिलंय," ते म्हणाले,
"इतकं सरळ नाही ते."

मार्चमध्ये चार दिवसांत हे कुठल्या कुठे गेले.
चमचा बघून घाबरले.
रात्री दोन वाजता दारात उभे, लुंगी, पायात बूट,
मला म्हणाले, "बाई, तुमचा सातबारा आणलाय का?"
बंगळुरूहून मुलगा म्हणाला, डोस वाढवायला सांग.
मी चकतीकडे बघत राहिले,
एवढीशी ती, तिच्यावर किती भार टाकायचा.

रक्ताचा रिपोर्ट आला. सीआरपी चौऱ्याऐंशी.
कुठेतरी पेटलंय, ताम्हाणे म्हणाले, शोधा.
छातीत नव्हतं, लघवीत नव्हतं.
मागच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता,
किती दिवसांचा, कोण सांगणार.
दुखतंय, एवढंही यांनी म्हटलं नव्हतं.
तो शब्दच आधी गेला होता,
दाढ मागे एकटी ठणकत राहिली
आणि तिचा दाह वर चढला, डोक्यात.

सीवूड्सच्या दातवालीने दाढ काढली, हातात दिली.
सहाव्या दिवशी हे चहा पिऊन म्हणाले, साखर कमी आहे.
मी ओट्याला धरून उभी राहिले.
आले परत. फार पूर्वीचे नाही,
फेब्रुवारीतले.
तेवढे चालतील.

सुगंधा येते करावे गावातून, सकाळी आठ ते बारा.
पाठ पुसते, ओल राहू देत नाही,
मी जागा दाखवते, ती चकती लावते.
काल तिचा हात पाठीवर असताना
यांनी मान न वळवता विचारलं,
"नोटीस दिली का यांना?"
मला काही सुचेना. सुगंधा म्हणाली,
"मिलली ना काका. माझ्या आज्याला मिलली व्हती."
"पैसे?"
"थोरं मिललं."
हे गप्प झाले.
ती दाबत राहिली. तीसच्या पुढे गेली असावी,
मी मोजणं सोडलं होतं.

दुपारी वही यांच्यासमोर राहिली उघडी.
पेन्सिल उचलली यांनी, टोक बघितलं,
आणि पानाच्या कोपऱ्यात बाण काढला, सरळ, ठाम,
वर उ लिहिला.
बाण खाडीकडे होता. उत्तर तिकडे नाही.
मी खोडलं नाही.
आज डावीकडचा तिसरा.